नित्याचे वाहन

माणसांप्रमाणे शब्दांनाही पूर्वसंचित असते, आणि ‘संकर’ या शब्दाचे पूर्वसंचित फारसे चांगले नाही. गीतेच्या पहिल्याच अध्यायात, अर्जुनाच्या विषादात, तो प्रथम भेटतो तो भयाची छाया घेऊनच. पुढे १९६४ साली संकरित ज्वारीचे पहिले वाण आपल्या देशातील शेतकऱ्यांच्या हाती पडले. कणसे भरली, कणग्या भरल्या, पण ‘हायब्रिड’ हा नवा शब्द मराठी बोलीत बेचव भाकरीची आणि बेकस माणसाची थट्टा करण्याच्या कामी येऊ लागला. असा दुहेरी संशय पाठीवर घेऊन हा शब्द जेव्हा सायकलीच्या दुकानात येऊन उभा राहतो, तेव्हा ग्राहकाच्या कपाळाला आठी पडली तर त्यात नवल नाही. ही सायकल शर्यतीची नव्हे आणि डोंगरातलीही नव्हे. मग ही आहे तरी कोणत्या जातीची, असे तो विचारतो. प्रश्न दुकानात विचारला गेला तरी त्याचे मूळ दुकानात नाही. एखाद्या एकाच गुणात पराकाष्ठा गाठलेली वस्तू श्रेष्ठ, की अनेक गुण बेताबेताने अंगी बाळगून रोजच्या कामास पुरी पडणारी वस्तू श्रेष्ठ, हा तो प्रश्न आहे. आणि वस्तूंच्या बाबतीत आपण त्याचे जे उत्तर देतो, तेच हळूहळू माणसांच्या बाबतीतही देऊ लागतो. म्हणून त्याचा थोडा विचार करणे अस्थानी होणार नाही.

प्रथम वस्तूचे स्वरूप पाहू. शर्यतीच्या सायकलीचे हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखे खाली वळलेले असते, आणि स्वार त्यावर ओणवा होऊन वाऱ्याला चुकवीत जातो. तिचे टायर साधारणतः २५ ते २८ मिलिमीटर रुंद आणि टणक भरलेले असतात. गुळगुळीत डांबरावर ती बाणासारखी सुटते, आणि खडी लागली की स्वाराची हाडे खिळखिळी करते. डोंगरी सायकलीचे टायर ५० मिलिमीटर किंवा त्याहूनही रुंद, त्यांवर जमिनीत रुतणारे उंचवटे, आणि पुढच्या चिमट्यात धक्के गिळणाऱ्या स्प्रिंगा. दगडधोंड्यांत हे सारे वरदान ठरते. डांबरावर मात्र तेच उंचवटे घोंगावत राहतात आणि पायांतील शक्ती फुकट खातात. हायब्रिड सायकलीने पहिलीकडून मोठ्या व्यासाचे हलके चाक घेतले. दुसरीकडून सरळ हँडल, चढावर पायांना उसंत देणारे गिअर आणि भरवशाचे ब्रेक घेतले. आणि टायर दोहोंच्या मधला, सुमारे ३२ ते ४५ मिलिमीटरांचा, पत्करला. स्वार तिच्यावर किंचित पुढे झुकून, पण मान वर ठेवून बसतो. त्यामुळे समोरचा रस्ता, बाजूची गल्ली आणि आडवी येणारी गाय त्याला वेळेवर दिसते. मागे कॅरियर बसवण्यास आणि चाकांवर मडगार्ड लावण्यास बहुधा सोय असते. वजन साधारणपणे ११ ते १४ किलो, म्हणजे आपल्या वाडवडिलांच्या काळ्या, दांडीच्या ब्रेकच्या, सुमारे २० किलो भरणाऱ्या सायकलीहून पुष्कळच हलके.

हिची वंशावळही पाहण्याजोगी आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील टॅमलपायस डोंगराच्या उतारांवरून १९७० नंतरच्या दशकात काही तरुणांनी जुन्या, जाड टायरच्या सायकली दामटण्यास आरंभ केला. त्या खेळातून डोंगरी सायकल निर्माण झाली आणि १९८१ च्या सुमारास ती कारखान्यांतून मोठ्या संख्येने बाहेर पडू लागली. पण ती विकत घेणाऱ्या अनेकांनी डोंगर कधी पाहिलाच नाही. सरळ हँडल, निर्धास्त बैठक आणि सहजासहजी पंक्चर न होणारे टायर एवढ्यासाठीच त्यांनी ती घेतली आणि शहरात फिरवली. लोकांना खरोखर काय हवे आहे हे त्यांच्या बोलण्यापेक्षा वागण्यावरून अधिक कळते. ते ओळखून १९९० च्या आगेमागे कारखानदारांनी ही मधली सायकल पुढे आणली.

आणि हे सायकलीच्या इतिहासात प्रथमच घडले असेही नाही. एकोणिसाव्या शतकात उंच चाकाची सायकल होती. तिचे पायडल थेट पुढच्या चाकालाच जोडलेले असत, म्हणून चाक जितके मोठे तितका एका फेऱ्यात अधिक पल्ला. एकाच गुणाची, म्हणजे वेगाची, पराकाष्ठा साधता साधता स्वार माणसाच्या उंचीवर जाऊन बसला, आणि चाकाला दगड अडला की डोक्यावर आपटू लागला. १८८५ साली इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली याने सारख्या बेताची दोन चाके आणि मागचे चाक फिरवणारी साखळी असलेली ‘रोव्हर’ सायकल काढली. तिच्या जातीला ‘सेफ्टी’ म्हणत. १८८८ साली डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत उंच चाक रस्त्यावरून नाहीसे झाले. आजची वेगवान शर्यतीची सायकल त्या उंच चाकाची नव्हे, त्या सुरक्षित सायकलीची वंशज आहे, ही गोष्ट मधल्या वस्तूला हिणवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी.

आता आपल्या गोव्यातीलच रस्ते घ्या. पणजीहून रायबंदरकडे जाणारा, सतराव्या शतकात पोर्तुगिजांनी बांधलेला बांध सुमारे तीन किलोमीटर सपाट गेला आहे; तेथे शर्यतीची सायकल शोभेल. पण त्याच पणजीत आल्तिनोचा चढ आहे. गावागावांत खाजन शेतांच्या बांधांवरून गेलेल्या मातीच्या वाटा आहेत, जांभ्या दगडाच्या सड्यावरची तांबडी धूळ आहे, मध्येच उखणलेले डांबर आहे, आणि जून ते सप्टेंबर पाऊस आहे. सकाळी कचेरीत जाऊन सायंकाळी बाजारातून घरी परतणाऱ्या माणसाला यांतील आपल्या आवडीचा एकच रस्ता निवडता येत नाही. एकाच फेरीत हे सारे त्याच्या चाकाखाली येते. अशा माणसाला एका रस्त्यावर अजोड ठरणाऱ्या वाहनापेक्षा कोणत्याही रस्त्यावर अडून न बसणारे वाहन हवे असते.

येथे पूर्वपक्ष असा उभा राहील की, हे सर्व खरे असले तरी शेवटी ही ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ अशीच गत नव्हे काय? डांबरावर ती शर्यतीच्या सायकलीच्या मागे पडते, डोंगरात डोंगरी सायकलीच्या मागे पडते. दोन्ही ठिकाणी दुसरी येणारीस पहिली का म्हणावे?

आक्षेपातील वस्तुस्थिती मान्य करावी, निष्कर्ष मात्र तपासून घ्यावा. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्याच्यावर मात करण्यास लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी १५ किलोमीटरांवरून ३० किलोमीटरांवर गेले की एकट्या वाऱ्यासाठी आठपट शक्ती लागते. म्हणूनच शर्यतीतल्या स्वाराने ओणवे व्हावे हे शास्त्रशुद्ध आहे. परंतु ताशी १५ किलोमीटरांनी जाणाऱ्या माणसाला त्या ओणवेपणाचा लाभ अल्प आणि कंबरदुखीचा भाग मात्र पूर्ण मिळतो. सहा किलोमीटरांचा रस्ता ताशी १६ किलोमीटरांच्या वेगाने साडेबावीस मिनिटांत संपतो, आणि ताशी २० च्या वेगाने अठरा मिनिटांत. साडेचार मिनिटांचा हा फायदा खोटा नाही. पण त्यासाठी पाठीवर दप्तराचे ओझे, कपड्यांवर चिखल आणि हातांना मुंग्या घेऊन कचेरीत पोचायचे की नाही, हा प्रश्न वेगाचे गणित सोडवू शकत नाही. तो प्रश्न प्रयोजनाचा आहे.

प्रयोजनाचा विचार कायद्याने पुष्कळ केला आहे, आणि प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय वकिलीचा असल्यामुळे तिकडे थोडे वळण्याची मुभा वाचक देतील अशी आशा आहे. आपल्या १९३० च्या मालविक्री अधिनियमाचे सोळावे कलम असे सांगते की, ग्राहकाने आपले विशिष्ट प्रयोजन विक्रेत्यास कळवले, त्याच्या जाणतेपणावर आपण विसंबून आहोत हे दाखवले, आणि तसा माल पुरवणे हा विक्रेत्याचा नेहमीचा व्यवहार असला, तर तो माल त्या प्रयोजनास वाजवीपणे योग्य असला पाहिजे, ही अट न लिहिताही करारात गृहीत धरली जाते. कायद्याने येथे सर्वोत्तम हा शब्द वापरलेला नाही. ‘वाजवीपणे योग्य’ एवढेच म्हटले आहे. मात्र ग्राहकाने एखादी विशिष्ट वस्तू तिच्या व्यापारी नावानेच मागून घेतली, तर प्रयोजनास ती योग्य असल्याची हमी त्याला आपोआप मिळत नाही.

इंग्लंडमध्ये याच तत्त्वावर ‘बाल्ड्री विरुद्ध मार्शल’ हा खटला झाला. १९२५ च्या निर्णयसंग्रहात तो आढळतो. एका गृहस्थाने मोटार विकणाऱ्यांना सांगितले की, मला साध्या प्रवासास योग्य अशी आरामशीर गाडी हवी आहे. विक्रेत्यांनी बुगाटी सुचवली, आणि त्यांच्या सांगण्यावरून त्याने आठ सिलिंडरांची बुगाटी घेतली. ती गाडी आरामशीरही नव्हती आणि त्याच्या प्रवासास योग्यही नव्हती. बुगाटी हे मोठे प्रतिष्ठेचे नाव, शर्यतींत गाजलेले. तरीही अपील न्यायालयाने निकाल ग्राहकाच्या बाजूने दिला. वस्तूला नामांकित नाव आहे एवढ्यावरून प्रश्न मिटत नाही. ग्राहक नावावर विसंबला की आपले प्रयोजन सांगून विक्रेत्याच्या सल्ल्यावर विसंबला, हे पाहावे लागते, असा त्यातील विचार आहे. गाडी उत्तम होती यावर वाद नव्हता. ती त्या माणसाच्या कामाची नव्हती, आणि न्यायासनाला तेवढे पुरे झाले.

या निर्णयात व्यापाराच्या पलीकडे जाणारे एक नैतिक सूत्र दडलेले आहे असे मला वाटते. जो आपले प्रयोजन स्पष्ट सांगतो त्याच्या पाठीशी कायदा उभा राहतो. जो केवळ नावाला भुलून घेतो त्याला तो त्याच्या नशिबावर सोडतो. परंतु प्रयोजन दुसऱ्याला सांगण्यापूर्वी ते स्वतःला ठाऊक असावे लागते, आणि खरी अडचण तेथेच आहे. आपण दुकानात जातो तेव्हा आपल्याबरोबर आणखी एक माणूस येतो. तो आपल्याहून दहा वर्षांनी तरुण असतो. पहाटे चारला उठतो, चोर्ला घाट एका दमात चढतो, आणि त्याचे गुडघे कधी दुखत नाहीत. पैसे आपण मोजतो, पण निवड तो करतो. महिन्याभराने तो निघून जातो, आणि त्याची सायकल मात्र आपल्या सोप्यावर उभी राहते. अशा सायकली मी कितीतरी घरांतून पाहिल्या आहेत. प्रारंभी त्यांवर प्लास्टिकचे आच्छादन असते, मग धूळ असते, आणि दोन पावसाळ्यांनंतर खाऱ्या हवेने साखळीवर चढलेला गंज असतो. नुकसान पैशाचे झाले असते तर सोडून देता आले असते. पण त्या गृहस्थाला येता-जाता ती सायकल आपल्या मोडलेल्या संकल्पाची आठवण देत राहते, आणि सायकल आपल्याला जमणारच नाही असा निष्कर्ष काढून तो कोपऱ्यावरच्या दुकानातही स्कूटरने जाऊ लागतो. त्याला न जमणारी एक सायकल होती. सुटली मात्र सारीच सायकल.

मीमांसकांनी कर्माचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे भेद केले आहेत. काम्य कर्म विशिष्ट फळाच्या इच्छेने करावयाचे. फळ नको असेल तर ते न केले तरी चालते. नित्य कर्माची गोष्ट निराळी. ते केल्याबद्दल कोणी शाल-श्रीफळ देत नाही, पण टाकले तर दोष लागतो. हाच भेद वस्तूंना लावून पाहावा. शर्यतीची सायकल हे काम्य वाहन आहे आणि तिचे मोल तिच्या उत्तम दिवशी ठरते: रस्ता मोकळा, अंगात उत्साह, वारा पाठीशी. नित्याच्या वाहनाची कसोटी त्याच्या वाईट दिवशी लागते. पाऊस कोसळत आहे, रात्री झोप झालेली नाही, कॅरियरवर नारळांची पिशवी आहे, आणि तरीही ते बाहेर काढावेसे वाटते काय? उत्तर होय असेल तर ते वाहन श्रेष्ठ, मग कोणत्याही शर्यतीत ते शेवटचे का येईना. देवळातील महारथ डोळ्यांचे पारणे फेडतो, पण गाभाऱ्यात रोज रात्री उजेड समईच देते. म्हणून कोणी समईला अर्धवट रथ म्हणत नाही.

दुसरा एक आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो टाळता येणार नाही. ‘पुरेसे’ हा शब्द एकदा तोंडी बसला की माणूस कशातच उत्कर्षाची आस धरीत नाही; एकाग्रतेवाचून विद्या नाही, कला नाही, आणि मध्यममार्गाचे गुणगान पुष्कळदा आळसाचे पांघरूण असते, असे कोणी म्हणेल. हे भय खोटे नाही. त्याला उत्तर म्हणून ‘मधले’ आणि ‘युक्त’ यांतील भेद ध्यानी घ्यावा लागतो. अॅरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात याचे सुरेख उदाहरण दिले आहे. दहा मापे अन्न फार आणि दोन मापे थोडे, म्हणून सहा मापे प्रत्येकास योग्य, असे होत नाही. मायलो मल्लाला ती अपुरी पडतील आणि तालमीत नुकत्याच आलेल्याला जास्त होतील. मध्य हा मोजपट्टीवर सापडत नाही, तो माणसापाशी सापडतो. गीतेने सहाव्या अध्यायात आहारविहाराविषयी ‘युक्त’ हाच शब्द योजला, त्याचेही मर्म हेच असावे. तेव्हा शर्यतीत उतरणाऱ्या मुलीने शर्यतीचीच सायकल घ्यावी. तिच्यासाठी तेच युक्त आहे, आणि तिला हायब्रिड घेण्याचा उपदेश करणे हा मध्यममार्गाचा विपर्यास ठरेल. उत्कर्ष साधायचा तो ज्याचा त्याने आपल्या कार्यात साधावा. शिक्षकाने शिकवण्यात, वैद्याने रोगपरीक्षेत, गवयाने गाण्यात पराकाष्ठा करावी, आणि तेथवर नेऊन पोचवणाऱ्या वाहनाने त्याची शक्ती मुकाट्याने वाचवावी.

अर्थात हायब्रिड सायकलीचीही मूर्तिपूजा करण्याचे कारण नाही. गोव्यात पहाटे भोंगा वाजवीत पाव घेऊन येणारा पोदेर अजूनही सायकलीवर दिसतो. त्याची मागची मोठी टोपली पेलण्यास जुन्या धाटणीची जड आणि मजबूत सायकलच बरी. तिची दुरुस्ती खेड्यातला कोणताही कारागीर पान्याने आणि हातोडीने करू शकतो. गिअरची नाजूक यंत्रणा तशी होत नाही. ज्याचे जाणे-येणे सपाटीवर आणि दोन किलोमीटरांच्या आत आहे त्यालाही ती कमी किमतीची काळी सायकल पुरून उरते. शिवाय मधल्या मार्गातही आडंबर शिरतेच. एकवीस किंवा चोवीस गिअरांपैकी पाचच वापरणारा स्वार, आणि डांबरी रस्त्यावर वजन वाढवण्यापलीकडे फारसे काही न करणारी पुढच्या चिमट्यातील स्प्रिंग, ही त्याचीच उदाहरणे. येथेही प्रश्न तोच विचारावा: हे माझ्या रस्त्यासाठी आहे, की माझ्याबरोबर दुकानात आलेल्या त्या दुसऱ्या माणसासाठी?

राहता राहिला तो संकर. आपल्या संगीतशास्त्राने रागांचे शुद्ध, छायालग आणि संकीर्ण असे वर्ग केले. संकीर्ण राग ऐकताना कोणा रसिकाला तो दोन रागांची तडजोड वाटत नाही, कारण मिश्रणातून त्याचे स्वतःचे रूप उभे राहिलेले असते. आपण स्वतः तरी कोण आहोत? माजघरात कोकणी बोलायची, कीर्तनात मराठी ऐकायची आणि कचेरीत इंग्रजी लिहायची, असे आपले दिवस जातात. यांतील एकीने दुसरीला भ्रष्ट केले असे न मानता, प्रत्येकीपासून जे घ्यावयाचे ते घेऊन आपण आपला संसार चालवतो. संकर वाईट केव्हा? ज्या दोहोंतून तो निपजतो त्यांचे गुण गळून दोष तेवढे उरतात तेव्हा. गुण टिकले आणि त्यांना प्रयोजनाने एकत्र बांधले, तर त्याला संकर न म्हणता संयोग म्हणावे.

दावा लिहिताना आधी वस्तुस्थितीचे कथन करावे आणि मग मागणी करावी, अशी आमच्या व्यवसायात रीत आहे. कथनाशी न जुळणारी मागणी न्यायालय फेटाळते. सायकल घेऊ इच्छिणाऱ्याने ही रीत जरूर पाळावी. माझा रस्ता असा, माझे वय इतके, ओझे एवढे, चढ अमुक, आणि आठवड्यातून इतके दिवस मी खरोखर जाणार, हे सारे कागदावर खरे खरे लिहावे, आणि मागणीची जागा तोवर कोरी ठेवावी. पुष्कळांच्या बाबतीत त्या कोऱ्या जागेत हायब्रिड सायकल येऊन बसेल असा माझा अंदाज आहे. कोणाच्या बाबतीत जुनी काळी सायकल येईल, कोणाच्या बाबतीत शर्यतीची येईल, आणि त्यांनी ती आनंदाने घ्यावी. कथन खरे असले म्हणजे पुरे. मग जे वाहन दारी येईल ते रोज सकाळी बाहेर निघेल.